पोहोचल्याची वेळ

तिने पेन्सिलीचे टोक अहवालाच्या बाविसाव्या पानावर टेकवले आणि तिथेच राहू दिले. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : ‘पोहोचल्याची वेळ नोंदलेली नसलेल्या फेऱ्या वगळल्या आहेत.’ तिने ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना टोक मोडले.

“आकडे खोटं बोलत नाहीत,” समोर उभा राहिलेला सल्लागार म्हणाला.

तिने पर्समधून शार्पनर काढले. शहराच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात नोंदींचे काम तिच्याकडे आल्याला एकोणीस वर्षे झाली होती. त्याआधीची सहा वर्षे प्रयोगशाळेत तराजू आणि तापमापक यांच्या सोबतीत गेली होती. आकडे खोटे बोलत नाहीत असे सांगणाऱ्या माणसाला सहसा आकड्यांशी बोलता येत नाही, असा तिचा एवढ्या वर्षांचा अनुभव होता.

सल्लागाराच्या हातात लाल ठिपका टाकणारी काडी होती. मांजराला खेळवावे तसा तो ठिपका पडद्यावर फिरवत होता, आणि लांब टेबलामागे बसलेले समितीचे सात सदस्य ठिपक्याबरोबर माना वळवत होते.

“पूर्वेच्या चौकीतून गाडी साडेआठ मिनिटांत पोहोचते. आता समजा, चौकी बंद केली आणि गाडी इथून, मुख्य केंद्रातून सोडली. तर साडेदहा. फरक किती? दोन मिनिटं.” तो थांबला. “दोन मिनिटं म्हणजे काय हो? घरातून निघताना चपला शोधायला लागतात तेवढी.”

दोघे-तिघे हसले. ठिपका खालच्या रांगेवर आला.

“आणि दुसरी गोष्ट. गाडी यायच्या आत दगावलेली माणसं. पूर्व भागात हे प्रमाण शहरात सगळ्यात कमी आहे. म्हणजे मुळात तिथे गरजच कमी. मग चौकी ठेवायची कशासाठी?”

तिने समासात बारीक अक्षरांत लिहिले : ‘दात किडले नाहीत, सबब ब्रश बंद.’ मग ते तिला फारच सौम्य वाटले आणि तिने त्याखाली रेघ ओढली. एक अख्खी चौकी, चोवीस तास उभी असणारी एक गाडी, चढावरच्या वस्तीतली चाळीस हजार माणसे. आणि हा उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तळटिपेत लपून त्यांचा निकाल लावत होता. अज्ञानाचा तिला राग येत नसे. इस्त्री करून आलेल्या अज्ञानाचा येई.

शेवटच्या रांगेत पूर्वेकडची सहा-सात माणसे बसली होती. त्यांत तिची धाकटी बहीण होती. आई गेल्यापासून ती आईच्याच घरात राहत होती, चौकीच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांच्या गल्लीत. तिच्या हातात घडी घातलेला एक कागद होता.

“नोंदणी विभागाला काही बोलायचं आहे का?” अध्यक्षबाईंनी विचारले. विचारण्यात हौस नव्हती. कक्षातले लोक तिला पाठीमागे ‘मिनिटबाई’ म्हणत आणि हे नाव समितीपर्यंतही गेले होते.

ती उभी राहिली.

“बाविसावं पान, तळटीप. किती फेऱ्या वगळल्या?”

“किरकोळ. नोंदी अपूर्ण होत्या.”

“किती?”

सल्लागार समजूतदारपणे हसला. “मॅडम, कुठल्याही माहितीत थोडा कचरा असतोच. तो काढावा लागतो.”

“चाळीस,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी चौकीची गाडी दोन महिने दुरुस्तीला होती, तेव्हा पूर्वेला इथून गाड्या गेल्या. एकशे बारा फेऱ्या. त्यातल्या चाळीस फेऱ्यांना पोहोचल्याची वेळच नाही. का नाही?”

“चालक नोंद करायला विसरला असेल.”

“माझे चालक विसरत नाहीत.” हे वाक्य इतरांपेक्षा किंचित मोठ्याने आले. “वेळ नाही, कारण गाडी पोहोचलीच नाही. ती रस्त्यात असताना पुन्हा फोन आला. येऊ नका, आम्हीच घेऊन निघालोय. येऊ नका, शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं. सहा जण नुसतंच ‘येऊ नका’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.”

कोणीतरी खुर्ची सरकवली. ती थांबली नाही.

“चौकीची गाडी चालू होती त्या आधीच्या दोन महिन्यांत अशा फेऱ्या तीन. तीन आणि चाळीस. म्हणजे ज्यांना उशीर सोसला नाही त्यांना तुम्ही कचरा म्हणून बाहेर काढलंत, आणि ज्यांना थांबता आलं त्यांची सरासरी काढलीत. नापास मुलांना गैरहजर दाखवलं की कुठल्याही शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो.”

समितीतला औषधविक्रेता मोठ्याने हसला आणि मग अध्यक्षबाईंकडे पाहून गप्प झाला.

“राहिली दुसरी गोष्ट. तिथे माणसं कमी दगावतात, कारण तिथे चौकी आहे. हे सांगायला सल्लागार लागत नाही.”

“मॅडम, हीच पद्धत मी तीन शहरांत वापरली आहे.”

“मग मला तीन शहरांची काळजी वाटते.”

आता बरेच जण हसले. सल्लागाराचे कान तांबडे झाले. ठिपका छताकडे गेला आणि विझला. तिने बसायला हवे होते. पण चांगली धार लागलेली सुरी लगेच खाली ठेवता येत नाही.

“तुम्ही एकदा तरी त्या गाडीत बसला आहात का?”

“तुम्ही बसलात?”

“मला गरज नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे नोंदी आहेत.”

अध्यक्षबाईंनी चहासाठी वीस मिनिटे दिली. तेवढ्यात नोंदणी विभागाने आपला तक्ता टंकून, खाली सही करून द्यावा. मग ठराव मांडू, असे ठरले. बाहेर पडताना औषधविक्रेता तिच्या कानाशी म्हणाला, “चौकी वाचली म्हणायची.” त्याच्याकडेही तिने फारशा आदराने पाहिले नाही. बरोबर बाजूला असलेल्या माणसालाही आपण बरोबर का आहोत हे माहीत असावे लागते, आणि याला ते माहीत नव्हते.

जिन्याच्या वळणावर धाकटीने तिला गाठले.

“ताई, काय सोललंस गं त्याला! चपला शोधायला दोन मिनिटं म्हणे. याच्या घरी चपला शोधायलाही सल्लागार ठेवलाय वाटतं.” ती हसत होती. मग हातातला कागद तिने उलगडला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दहा-बारा ओळी होत्या, शिवणाच्या मापांसारख्या आखीव अक्षरांत. धाकटी कपडे शिवायची. “मग आता मी बोलू ना? फार नाही, एवढंच आहे.”

“काय बोलणार?”

“आईचं. सतरा मिनिटं लागली ते.”

ताईने कठड्यावर हात ठेवला. हा विषय दोन वर्षांपूर्वी संपला होता. आई गेली त्या आठवड्यात तिने स्वतः कक्षातून नोंद काढून आणली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर धाकटीसमोर ठेवली होती. फोन आला ते पोहोचल्यापर्यंत, नऊ मिनिटे. नऊ मिनिटांत आलेल्या गाडीने आईला वाचवायला हवे होते, असे डॉक्टरही म्हणाले होते. त्यावर ती एवढेच म्हणाली होती : “मग तू फोनच उशिरा केला असशील.” आवाज न चढवता, निष्कर्ष सांगावा तसे. धाकटीने त्यानंतर तिच्यापाशी आईच्या शेवटच्या दिवसाचा विषय काढला नव्हता.

“सतरा नाही. नऊ. तुला दाखवलं होतं मी.”

“मी दारात उभी होते, ताई.”

“घाबरलेल्या माणसाला मिनिट मोठं वाटतं. त्यात तुझा दोष नाही. पण तू सतरा म्हणालीस की तो माणूस माझीच नोंद काढेल आणि सगळ्यांसमोर नऊ दाखवेल. मग माझ्या चाळीस फेऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार? एकाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे.”

“आणि तुझं म्हणजे पुरावा.”

“माझं नाही. नोंदीचं.”

धाकटीने कागदाची चौघडी केली, मग आठपदरी. “बरं. बस तू नाकानं कांदे सोलत,” असे म्हणून ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. अशी ती लहानपणापासून जाई, हरली की.

खाली अंगणात एक रुग्णवाहिका उभी होती. समितीला दाखवायला म्हणून ती पूर्वेच्या चौकीतून मागवली होती आणि सकाळपासून तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते. मागच्या पायरीवर मामा बशीतून चहा पीत बसले होते. सगळ्यांत जुने चालक म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत.

“या मॅडम. वरून सगळं ऐकू येत होतं. चांगला धुतलात.”

“धुण्यासारखा होता.”

“ते खरंच. चाळीस फेऱ्यांचं बरोबर बोललात. अर्ध्या वाटेत परत फिरायला लागतं ना, ते जिवाला लागतं.” मामांनी बशी पुसली. “फक्त तो तक्ता देताय ना, त्यातली पोहोचायची वेळ जरा बेतानं वापरा. ती टाकीची वेळ आहे.”

“कुठली टाकी?”

“पाण्याची. पोहोचल्याचं बटण हो. पूर्वेला गेलो की टाकीच्या वळणावर दाबतो आम्ही. दक्षिणेला शाळेच्या फाटकापाशी. बाजारात पोस्टाजवळ.”

मामांना वाटले, तिला नीट ऐकू आले नसेल.

“घरापाशी गेल्यावर हात कुठं मोकळा असतो? उडी मारायची, दार उघडायचं, स्ट्रेचर ओढायचं. लोक शर्टाला धरून ओढत असतात. तेव्हा बटण कुणाला आठवतंय? पूर्वी परत आल्यावर दाबायचो. मग तीन वर्षांमागं तुमचा कागद आला ना? नोंद उशिरा झाली तर चालकानं लेखी खुलासा द्यावा. तिघांना द्यावा लागला. एकाला बिचाऱ्याला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, त्याचा खुलासा मुलीनं लिहून दिला. मग सगळ्यांनी बसून खुणा ठरवल्या. हात मोकळा असतानाच दाबून टाकायचं.” मामा अभिमानाने म्हणाले, “तेव्हापासून एक नोंद चुकली नाही आमची.”

तो कागद तिने एका दुपारी लिहिला होता, चार ओळींचा. पुढच्याच महिन्यात उशिरा झालेल्या नोंदी पासष्टवरून शून्यावर आल्या. शून्यावर. त्याचा आलेख तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि दार उघडताना अजूनही तिची नजर तिकडे जाई. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने इतकी सारखी, इतकी सरळ मापे आणून दिली असती, तर तिने त्याला त्याच पावली परत पाठवले असते.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “एवढं शिकलेलं माणूस. म्हटलं, कळलं असेल, पण चालवून घेतायत. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून आम्हीही नाही.”

गाडीचे पुढचे दार उघडे होते. ती चालकाच्या जागेपर्यंत गेली आणि पायरीवर एक पाय ठेवून वर चढली. सीट तिला वाटले होते त्यापेक्षा बरीच उंच होती. बटण स्टिअरिंगच्या चक्राच्या डाव्या अंगाला होते, हिरवे, मधला रंग बोटाने झिजून पांढरा पडलेले. त्यावर ‘पोहोचलो’ असे लिहिलेले असते, हे तिला माहीत होते म्हणून वाचता आले.

“मामा, टाकीपासून पायऱ्यांच्या गल्लीत वरच्या टोकाला जायला किती वेळ लागतो?”

“पायऱ्यांची गल्ली?” मामांनी मान हलवली. “वळणापासून गल्लीच्या तोंडापर्यंत तीन मिनिटं. पुढं गाडी जातच नाही. मग स्ट्रेचर घेऊन चढायचं, पाच तरी लागतात. आठ धरा. आठाच्या आत तिथं कुणी गेलेलं नाही, मॅडम, आमच्यातला धावणाराही नाही.”

नऊ आणि आठ. या बेरजेला पेन्सिल लागली नाही.

तिने चक्रावर दोन्ही हात ठेवले. घाबरलेला माणूस वीस म्हणतो. अर्धा तास म्हणतो, तासभर म्हणतो. सतरा कोणी म्हणत नाही. सतरा म्हणणारा माणूस घड्याळाकडे पाहत असतो. ही एवढी साधी गोष्ट कुणी बाविसाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिली असती, तर तिने ती पहिल्या वाचनात पकडली असती.

“उतरताना जपून,” मामा म्हणाले. “पायरी उंच आहे.”

वर तक्ता टंकून तयार होता. तिच्या जागेवर तो सरळ ठेवला होता, वर पेन आडवे. शेवटची ओळ कार्यालयाने नेहमीच्या पद्धतीने घातली होती : ‘वरील सर्व वेळा प्रत्यक्ष घरी पोहोचल्याच्या असून त्या पडताळल्या आहेत.’ खाली तिच्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

“सही झाली की ठराव घेऊ,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “चौकी आहे तिथेच राहील. कुणाची हरकत?”

“माझी नाही,” सल्लागार उठून म्हणाला. त्याचे कान अजून तांबडे होते. “चाळीस फेऱ्या मी बघायला हव्या होत्या. मॅडमच्या नोंदींबद्दल शंका घ्यायला जागा नाही.”

तो मनापासून बोलत होता, आणि सकाळपासून त्याने केलेल्या विधानांपैकी हेच विधान तिला सर्वांत असह्य वाटले. तपासून न पाहता विश्वास ठेवणारा माणूस. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

तिने पेनचे टोपण काढले. सही केली की चौकी राहते. नाही केली तर पुढे काय होईल, तेही तिला स्वच्छ दिसत होते. सल्लागाराच्या जागी आपण असतो तर नेमके काय बोललो असतो, हे तिला शब्दाशब्दाने माहीत होते. तिने रकान्याच्या मथळ्यावर, ‘पोहोचल्याची’ या शब्दावर, एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिले : ‘खुणेपाशी आल्याची.’

“मला यावर सही करता येणार नाही.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “आता काय राहिलं?”

“या वेळा घराच्या दारातल्या नाहीत. चालक बटण आधीच दाबतात, वळणावर. तीन वर्षं. चूक त्यांची नाही. उशीर झाला तर खुलासा मागणारी सूचना माझी होती. चाळीस फेऱ्यांचं मी बोलले ते खरं आहे, त्याला या वेळेची गरज नाही. पण हा रकाना खरा नाही.”

सल्लागार सावकाश खाली बसला. मग त्याने काडी टेबलावर ठेवली आणि दिवसभरात पहिल्यांदा कोरा कागद पुढे ओढला.

“म्हणजे तुमच्याच नोंदी चुकीच्या,” तो म्हणाला. आवाजात अजून आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होते.

“हो.”

“मग मॅडम, खऱ्या वेळा आहेत तरी कुणाकडे?” अध्यक्षबाईंचा आवाज चढला. “का समितीने अंदाजाने ठरवायचं?”

तिने मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिले. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. आठपदरी कागद तिच्या मुठीत होता, किंवा नव्हता. इतक्या लांबून दिसत नव्हते.

“किती मिनिटं लागली?” तिने विचारले.

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी उठली नाही.

“तुला माहीत आहे ते, ताई.”

“मला माहीत नाही. तू सांग.”

धाकटीने तिच्याकडे पाहिले. भाबडेपणाने नव्हे, कापड कातरण्याआधी ती कापडाकडे पाहते तसे. मग ती उभी राहिली, आणि बोलताना तिने समितीकडे एकदाही पाहिले नाही.

“आई पडली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाराला मी फोन केला. ते दारात आले तेव्हा चार एकोणतीस.”

ताईने तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले. वर, जिथे मथळा येतो तिथे, ‘लेखी खुलासा’ असे लिहिले. मग पहिल्या रकान्यात, पेनने : चार दहा.

“पुढचं?” ती म्हणाली. “पुन्हा सांग. सावकाश.”